फादर नाव सांगणार नाहीत: कोल्हापुरातल्या नव्या कॅथलिक मतदारासाठी

कोल्हापुरात निवडणूक जवळ आली की टपरीपासून तालमीच्या कट्ट्यापर्यंत एकच चौकशी सुरू असते, "मग, वारं कुणाचं?" वसई, गोवा, केरळ किंवा श्रीरामपूरकडून इथे नोकरीला, शिकायला आलेल्या कॅथलिक मुलामुलींना त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न पडतो. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की आवारात ते तो दबक्या आवाजात विचारतात: चर्चचं म्हणणं काय? कुणाला द्यायचं?

नाव मिळणार नाही. मिळतो तो विचारायच्या प्रश्नांचा क्रम, आणि त्यासाठी मतदानाच्या आदल्या रात्रीपेक्षा बराच आधी बसावं लागतं. हा लेख त्या बसण्यासाठी आहे. पहिल्यांदा मत देणाऱ्यांसाठी, नव्याने दीक्षा घेतलेल्यांसाठी आणि कोल्हापूरचं राजकारण ज्यांना अजून कळायचंय त्यांच्यासाठी.

एक गोष्ट मात्र आधी. कोल्हापुरातली बहुतेक ख्रिस्ती घरं कॅथलिक नाहीत. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले, पुढे प्रेस्बिटेरियन झालेल्या त्यांच्या मिशनपासून ती परंपरा सुरू होते. कॅथलिक त्या मानाने मूठभर. त्यामुळे "तुमच्या समाजाची एकगठ्ठा मतं" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. आपल्या मतांनी कुणाचा गुलाल उधळला जाणार नाही. पण त्यामुळेच मत देताना हिशेब जुळवायचा ताण नसतो, नीट विचार करायला मोकळीक असते.

यादीत नाव

कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा २२४० वा परिच्छेद कर भरणं, मतदान करणं आणि देशाचं रक्षण करणं ही तिन्ही कर्तव्यं एका दमात सांगतो आणि ती नैतिकदृष्ट्या बंधनकारक मानतो. तेव्हा निव्वळ आळसाने मतदान चुकवलं असेल तर ते पापनिवेदनाआधी, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याआधी, आठवून बघायला हरकत नाही, असं माझं मत.

नवीन नावासाठी नमुना ६ भरायचा, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. वयाची अठरा वर्षं १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै किंवा १ ऑक्टोबर यांपैकी कोणत्याही तारखेला पूर्ण होत असली तरी चालतं. सतरा झाली की अर्ज आधीच देता येतो. शंका असेल तर १९५० हा क्रमांक आहे. राजारामपुरीत खोली आणि नाव अजून वसईच्या यादीत, अशी अवस्था असेल तर आजच अर्ज करा. उमेदवार जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

निवडणूक कशाची, ते ओळखा

ही पायरी लोक गाळतात आणि मग भलत्या माणसाला भलता प्रश्न विचारतात. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रात एक तत्त्व मांडलं: जे काम लहान, जवळच्या संस्थेला जमतं ते मोठ्या संस्थेने हिसकावून घेऊ नये. मतदाराने ते असं वापरावं की ज्या पातळीची निवडणूक, त्या पातळीचे प्रश्न.

महापालिकेला उभ्या असलेल्या माणसाला गर्भपाताच्या कायद्यावरून छेडण्यात अर्थ नाही, तो कायदा संसदेत होतो. त्याला थेट पाइपलाइनचं पाणी, कचरा, झोपडपट्टीतल्या घरांचे कागद आणि पंचगंगेत सुटणारे नाले विचारा. आमदाराला मजुरी, शाळा, सरकारी दवाखाने, पोलिसांची वागणूक. खासदाराला देशाचा कायदा. जिल्ह्यात विधानसभेच्या दहा जागा आहेत, शहराचेही उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे आहेत. लोकसभेला जिल्हा कोल्हापूर आणि हातकणंगले यांत वाटला जातो. आपण कशात येतो ते आधी बघून ठेवा.

महापालिकेच्या एका प्रभागातून एकाहून जास्त नगरसेवक निवडून जातात, म्हणजे बटणंही तितकीच दाबायची. "पॅनेल टू पॅनेल मारा", म्हणजे सगळी मतं एकाच गटाला द्या, हा इथला लाडका आदेश. तो पाळायचं काहीच बंधन नाही. प्रत्येक जागेवरचा माणूस वेगळा, तेव्हा विचारही वेगळा करा.

फादरांकडे काय मागायचं, काय नाही

धर्मगुरूंनी सत्तेचं पद घेऊ नये आणि राजकीय पक्षात सक्रिय भाग घेऊ नये, असं चर्चच्या कायद्याचे २८५ आणि २८७ हे नियम सांगतात. देशाचा कायदाही आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी धर्माच्या नावावर मत मागितलं तर तो भ्रष्ट आचार ठरतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने स्पष्ट केलं की यात फक्त उमेदवाराचा धर्म मोजायचा नाही, मतदाराचाही मोजायचा.

म्हणून प्रवचनात नाव ऐकू येण्याची वाट बघू नका. आलंच, तर ते फादरांचं वैयक्तिक मत समजा. तुमच्यावर त्याचं बंधन नाही. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हे साफ लिहून ठेवलंय की अशा बाबतीत ख्रिस्ती माणसांची मतं प्रामाणिकपणे वेगळी पडू शकतात आणि चर्चचा अधिकार आपल्याच बाजूला आहे असा दावा कुणी करू नये. हे फादरांना लागू होतं तितकंच "ख्रिस्ती समाजाचा मेळावा" भरवून व्यासपीठावरून पाठिंबा जाहीर करणाऱ्या आपल्यातल्या पुढाऱ्यांनाही. नाताळात केक कापायला येणाऱ्या उमेदवाराचं स्वागत जरूर करा. केक खाल्ल्याने मत बांधलं जात नाही.

फादरांकडे मागायचं ते वेगळं. निवडणुकीच्या दोन महिने आधी चर्चची सामाजिक शिकवण समजावून सांगणारी एखादी संध्याकाळ मागा. ती मागणारे फार थोडे असतात.

विवेक घडवायचा म्हणजे काय करायचं

"शेवटी माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटेल तेच" हे वाक्य खरं आहे, पण अर्धंच. धर्मशिक्षण ग्रंथ म्हणतो की विवेकाचा पक्का निर्णय माणसाने नेहमी पाळावा (परिच्छेद १७९०). लगेच पुढच्याच परिच्छेदात बजावतो की सत्य आणि चांगलं काय हे शोधायची तसदीच घेतली नसेल, तर चुकीच्या निर्णयाचा दोष माणसाच्याच माथी येतो.

२०१९ च्या लोकसभेपासून "आमचं ठरलंय" ही घोषणा कोल्हापुरात सगळ्यांना पाठ आहे. मजेशीर घोषणा, पण कॅथलिक मतदाराला अडवते. ठरवणारं कोण? घराणं, गट, तालीम, भावकी, की तुम्ही? गटाने ठरवलेलं तपासून मग तुम्हालाही तेच पटलं, तर ठीक. न तपासता मान डोलावली, तर तो तुमचा निर्णय नव्हे.

तसदी म्हणजे प्रत्यक्षात काय? मत्तयच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय वाचा. तिथे भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला हे सगळे न्यायनिवाड्याच्या प्रश्नपत्रिकेत आहेत. मग बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात मोशेचा सासरा पुढारी निवडण्याबद्दल काय सल्ला देतो ते बघा: माणसं कर्तबगार हवीत, देवाला भिणारी, खरी आणि लाचेचा तिटकारा असलेली. त्यानंतर आपल्याहून वेगळं मत असलेल्या एका शहाण्या माणसाशी तासभर बोला, वाद न घालता. आणि ज्याच्यावर निर्णयाची झळ बसते त्याच्याशीही बोला. ऊसतोडीच्या टोळीतली बाई, यंत्रमागावरचा कामगार, पूर आला की शिरोळ तालुक्यातलं घर सोडावं लागणारं कुटुंब. शेवटची गाठ घेतल्याशिवाय पहिल्या तीन गोष्टी कोरड्या राहतात.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली थॉमस मोर यांना राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. मोर सोळाव्या शतकातले इंग्लंडचे मंत्री. राजाने ठरवलं ते त्यांच्या विवेकाला पटलं नाही आणि त्यांनी डोकं गमावलं. आपल्यावर तशी वेळ येत नाही, फार तर कट्ट्यावर चार टोमणे ऐकावे लागतात.

प्रश्नांचा क्रम

इथे थोडं थांबावं लागेल, कारण गडबड इथेच होते.

चर्च सगळे मुद्दे एका तराजूत घालत नाही. काही कृत्यं अशी की कोणत्याही कारणाने ती बरोबर ठरत नाहीत. निष्पाप माणसाची जाणूनबुजून हत्या ही त्यातली पहिली, आणि त्यात गर्भातलं मूल आलं. दुसरीकडे असे असंख्य प्रश्न आहेत जिथे ध्येय मान्य असूनही मार्गाबद्दल दोन चांगल्या कॅथलिकांचं पटणार नाही.

मग गर्भपाताला अनुकूल असलेल्या उमेदवाराला मत द्यायचंच नाही का? कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या बिशपांना पाठवलेल्या टिपणात फरक सांगितला. त्याच भूमिकेसाठी मत दिलं तर मतदार त्या पापात सामील होतो. भूमिका अमान्य असूनही दुसऱ्या, तितक्याच वजनाच्या कारणांसाठी दिलं तर तो दूरचा संबंध ठरतो आणि तसं मत देता येतं. कारण मात्र खरंच तेवढं वजनदार हवं. "आमच्या गल्लीत पेव्हिंग ब्लॉक घातले" हे ते कारण नव्हे.

आता अडचण अशी की अमेरिकन कॅथलिकांच्या तयार याद्या व्हॉट्सॲपवर इकडे येतात आणि आपली मुलं त्या कोल्हापूरच्या उमेदवारांना लावायला जातात. त्या लागत नाहीत. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली, आणि कोणताही मोठा पक्ष त्यावर निवडणूक लढवत नाही. म्हणून प्रश्न मिटला का? २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. इतक्या सधन, सहकारात पुढारलेल्या जिल्ह्यात. पुढे सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारं "सायलेंट ऑब्झर्व्हर" हे उपकरण याच जिल्ह्यात वापरलं गेलं, इतकी ती गोष्ट गंभीर होती. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा चर्चची सगळी भूमिका मांडत नाही, चर्चचा विरोध त्याहून व्यापक आहे. पण तो कायदा नीट राबवा असं म्हणणारा, बाळंतपणासाठी सरकारी दवाखाना चालता ठेवणारा, अपंग मुलाच्या आईच्या पाठीशी उभा राहणारा उमेदवार कोण, हे कोल्हापुरात जीवनाच्या बाजूचे प्रश्न आहेत. ते विचारा.

दुसरं, माणसाची प्रतिष्ठा. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. त्या आठवड्यात तुमच्या मतदारसंघातला कोण काय बोलला, कोण गप्प बसला? धर्मस्वातंत्र्य प्रत्येक माणसाचा हक्क आहे, फक्त कॅथलिकांचा नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच जाहीर केलंय. आपल्या प्रार्थनेला संरक्षण मागायचं आणि शेजाऱ्याचं प्रार्थनास्थळ फुटताना नजर वळवायची, हे चर्चच्या शिकवणीत बसत नाही. दलित ख्रिस्ती बांधवांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या जातात, तोही न्यायाचा प्रश्न आहे आणि खासदारकीच्या उमेदवाराला जरूर विचारावा. फक्त तो एकच विचारून घरी येऊ नका.

तिसरं, कष्ट. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये "रेरुम नोव्हारुम" या परिपत्रात कामगाराला कुटुंब चालेल इतकी मजुरी आणि संघटनेचा हक्क मांडला. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९०२ मध्ये, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या नोकऱ्या राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. रोमचं आणि करवीरचं एकमेकांशी बोलणं झालेलं नव्हतं. चर्च म्हणतं की नैतिक सत्य बुद्धीलाही कळतं, फक्त श्रद्धावंताला नाही. म्हणूनच कॅथलिक मतदाराला आपलं म्हणणं शेजारच्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध माणसाला बायबल न उघडता पटवता आलं पाहिजे. कोल्हापुरात तर शाहूंचं नाव घेतलं की निम्मं काम होतं.

इथे एक गोष्ट टोचते ती सांगतो. निवडणूक ऊसतोडीच्या हंगामात आली की बीडकडची टोळी आपल्या फडात असते आणि तिचं नाव तिच्या गावच्या यादीत. साखरेवर ज्या जिल्ह्याचं राजकारण चालतं, तिथे तो ऊस तोडणाऱ्याला मत नसतं. चर्च गरिबांना प्राधान्य द्यायला सांगतं त्याचा इथला अर्थ असा की एका प्रश्नापुरतं तरी तुम्ही त्यांच्या वतीने मत द्या: पालातल्या मुलांची शाळा, बायकांचं आरोग्य, मुकादमाची उचल.

चौथं, पंचगंगा. शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, इचलकरंजीतलं रंगाचं पाणी घेऊन ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. घाण सोडणारा एका मतदारसंघात, ती पिणारा दुसऱ्यात. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रातलं "सामाईक घर" हेच. म्हणून फक्त आपल्या वॉर्डाचं भलं बघणारा उमेदवार अपुरा.

आणि जिथे मतभेद चालतात ते? शहराची हद्दवाढ हवी की नको. शक्तिपीठ महामार्ग व्हावा की न व्हावा. उसाला पहिली उचल किती. यावर चर्चची भूमिका शोधत बसू नका. जमीन जाणाऱ्याचं ऐकलं का, मोबदला न्याय्य आहे का, एवढं तत्त्व सांगतं, बाकी तुमची अक्कल. याबाबत समोरचा "वाईट कॅथलिक" असं म्हणण्याचा मोह टाळा.

उमेदवाराचे कागद

प्रत्येक उमेदवाराला शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाहीर करावं लागतं. लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सापडतात. गुन्ह्यांचा रकाना वाचताना आंदोलनातला जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यांत फरक करा. मालमत्तेचा रकाना मागच्या वेळच्याशी ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम.

पाकीट

"लक्ष्मीदर्शन" झालं का, असं इथे हसत विचारतात. बरेच सज्जन लोक नव्या माणसाला सल्ला देतात: सगळ्यांचं घ्या, मत हवं त्याला द्या. ऐकायला चलाख. पण धर्मशिक्षण ग्रंथाचा साधा नियम आहे की चांगलं घडावं म्हणूनही वाईट करू नये. लाच डोळसाला आंधळं करते असं निर्गमच्या २३ व्या अध्यायात आहे, आणि कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. घेऊ नका.

हातावर पोट असलेल्या मावशींनी पाचशेची नोट घेतली, तर त्यांना शिकवायला जाऊ नका. त्यांच्या गरजेचा बाजार मांडणाऱ्याचा दोष कितीतरी मोठा आहे.

घेऊन झालंय, वर देवाची शपथही घालून घेतलीय, मग? विकलेल्या मताची शपथ बांधत नाही. बायबलमधल्या हेरोद राजाने भर मेजवानीत घेतलेली शपथ पाळली आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर गेलं. शपथ घेतली हीच त्याची चूक होती, ती पाळून चूक दुप्पट झाली. पैसे परत करता आले तर करा, नाहीतर गरजूला द्या, आणि मत विवेकाने द्या. पापनिवेदनात सांगायला विसरू नका.

सगळ्यांत अवघड पाकीट असतं ते सामूहिक. मंडळाला साउंड सिस्टिम, सोसायटीला गेट, "तुमच्या चर्चच्या आवारात फरशी बसवून देतो". इथे भली भली माणसं घसरतात, कारण स्वतःच्या खिशात काही येत नाही. कसोटी साधी आहे: हे काम सरकारी निधीतून, नियमाने, निवडणूक नसतानाही मागता आलं असतं का? असतं, तर तेव्हाच मागा. आचारसंहितेच्या तोंडावर आलेली फरशी नको म्हणा. लोकसभा-विधानसभेची आचारसंहिता लागल्यावर वाटप दिसलं तर निवडणूक आयोगाच्या "सी-व्हिजिल" सुविधेवर फोटो टाकता येतो, नाव न देताही.

सगळेच नापास असतील तर

जागा सोडून पळू नका. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये कायदे करणाऱ्यांबद्दल लिहिलं की वाईट कायदा पूर्ण रद्द करता येत नसेल तर त्याची हानी कमी करणाऱ्या प्रस्तावाला पाठिंबा देता येतो, मूळ विरोध उघड असेल तर. त्याच धर्तीवर मतदारही कमी नुकसान करणारा उमेदवार निवडू शकतो. "नोटा", म्हणजे "यांपैकी कुणीही नाही" हे बटण, २०१३ पासून आहे, पण लोकसभा-विधानसभेत त्याला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून येतो, हे धरून चाला. उमेदवारांपैकी एकही स्वीकारता येत नाही असं खरोखर वाटलं तर नोटा प्रामाणिक आहे. कंटाळ्यातून दाबलेला नोटा नाही.

मतदान आणि नंतर

कुणाला दिलं हे फादरांना, घरच्यांना, बूथबाहेर यादी घेऊन बसलेल्या कार्यकर्त्याला, कुणालाच सांगायचं बंधन नाही. नवरा-बायकोची मतं वेगळी पडली तर पडू द्या.

निकालानंतर बायबलमधल्या, तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे सत्तेवर आलेल्यांसाठी प्रार्थना करतातच, पडलेल्याचे समर्थकही. आणि विचारलेल्या प्रश्नांचा कागद फाडू नका. सहा महिन्यांनी तोच कागद घेऊन निवडून आलेल्याच्या संपर्क कार्यालयात जा, शक्यतो चार-पाच जणांनी आणि त्यात एक तरी गल्लीतला बिगर-ख्रिस्ती शेजारी असू द्या. अर्जाची पोच घ्या, तारखेचा शिक्का बघून घ्या.